वायरनानांचा पक्का जोड

समजा, तुम्ही पाठीवर पडलेले आहात. खाली पुठ्ठा आहे, पुठ्ठ्याखाली सिमेंट, आणि सिमेंटचा गारठा पुठ्ठ्यातून पाठीत शिरतो आहे. तोंडाच्या वर वीतभर अंतरावर एका व्हॅनचं पोट आहे. त्याला वाळलेला चिखल चिकटला आहे आणि तुम्ही जरा हललात की तो डोळ्यांत पडतो. सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनाच्या जवळ, अंगठ्याएवढी एक वस्तू आवळून बसवलेली आहे. तिच्या शेपटातून चार वायरी निघतात. त्या चार वायरी गाडीच्या चार वायरींना जोडायच्या आहेत. गाडी खड्ड्यांतून जाणार, साचलेल्या पाण्यातून जाणार, आणि तिच्यात रोज दुसऱ्यांची मुलं बसणार. कसे जोडाल?

तुम्ही कामचुकार असाल तर नुसता पीळ माराल, वर टेप गुंडाळाल आणि बाहेर याल. तुमचं बहुतेक भागून जाईल. पण तुम्ही जीव ओतून काम करणारे असाल तर वायरनानांनी केलं तेच कराल, आणि त्यांच्यासारखेच फसाल.

ती अंगठ्याएवढी वस्तू म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. धुरात किती ऑक्सिजन शिल्लक आहे ते तो ओळखतो. शिल्लक जास्त असेल तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, शिल्लक काहीच नसेल तर पेट्रोल जास्त होतंय. सेन्सर ही खबर गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला पाठवत राहतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. चाखून मीठ घालावं, तसं. चाखणाऱ्याची जीभ बिघडली तर सगळं जेवण बिघडतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं समजायला पुरे.

मी गाड्यांच्या धुराची तपासणी करणाऱ्या केंद्रात काम करते. आमच्या शेजारी मिस्त्रींचं गॅरेज आहे, मध्ये फक्त एक पत्रा. पत्र्याच्या एका बाजूला गाड्या नापास होतात आणि दुसऱ्या बाजूला दुरुस्त होतात, त्यामुळे मिस्त्री मला "आमची लक्ष्मी" म्हणतात आणि गाडीवाले काय म्हणतात ते मी लिहीत नाही. वायरनाना त्याच गॅरेजात मागच्या कोपऱ्यात बसतात. टेबलावर एक वाकड्या मानेचा दिवा, एक मीटर, सोल्डरगन, राळेची डबी आणि जाड भिंगाचा चष्मा. चष्म्याची एक काडी वायरीनेच बांधलेली आहे.

नानांचे वडील पत्र्याचे डबे आणि कंदील झाळून द्यायचे. नाना शाळा सोडून रेडिओच्या दुकानात बसले. रेडिओ गेले, मग टीव्हीच्या दुकानात बसले. तेही दुकान गेलं. "मी ज्याला हात लावायला शिकतो ते बंद पडतं," असं ते म्हणतात, आणि म्हणताना हसत नाहीत. शेवटी ते गाड्यांच्या वायरींवर आले. आता साठीला टेकलेत. लग्न राहून गेलं. कसं राहून गेलं हे विचारलं तर म्हणतात, "राहतं एखादं काम."

ते राहतात भावाकडे, एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत. मोठा भाऊ, म्हणजे दादा, पूर्वी शाळेतल्या मुलांची व्हॅन चालवायचे. काचबिंदूने त्यांची नजर गेली. खिडकीशी खुर्ची टाकून ते दिवसभर रस्ता ऐकत बसतात. त्यानंतर व्हॅनवर वहिनी बसल्या. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकल्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी विजेचा एक खांब वाकवला. तो अजून तसाच वाकलेला आहे आणि व्हॅनमधली मुलं रोज जाताना त्याला हात करतात.

नानांचा जोड आमच्या भागात प्रसिद्ध होता. ते वायरीचं प्लास्टिक सोलत, आतल्या तारा पिसाऱ्यासारख्या पसरत, दोन पिसारे एकमेकांत घालत, पीळ देत, राळ लावत आणि मग गरम सोल्डरगनचं टोक खालून धरत. सोल्डर वितळून तारांमध्ये शिरायचं. "तांब्याला तहान लागली पाहिजे, मग ते आपणहून पितं," असं ते सांगत. त्यावर प्लास्टिकची बारीक नळी सरकवायची, ती गरम करून आवळून बसवायची, आणि वायरींची टोकं ज्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये बसतात तो कपलर ग्रीसने भरायचा. शेवटी जोड दोन बोटांनी ओढून बघायचे, लहान मुलाचा हलता दात बघावा तसे, आणि म्हणायचे, "झालं. पाण्यात बुडवून ठेवा."

मिस्त्री यावर ठरलेला विनोद करत. "नानांचा जोड आणि आमच्या लग्नाची गाठ, दोन्ही सुटत नाहीत. फरक एवढाच, की नानांच्या जोडातून करंट तरी जातो."

वहिनींच्या व्हॅनचा सेन्सर म्हातारा होऊन मेला, त्यात कुणाचा दोष नव्हता. नानांनी नवा आणला. तो नुसत्या वायरींसह आला होता, पुढचा कपलर जुन्याचाच कापून जोडायचा होता. नानांनी चारही वायरी सोल्डर केल्या. "झालं," म्हणाले. गाडी सुरू केली, समोरचा बिघाडाचा पिवळा दिवा विझला, वहिनी घरी गेल्या.

आठवड्याने व्हॅन आमच्याकडे वार्षिक तपासणीला आली. मी सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि आकडा बघून पुन्हा घातली. धुरात विषारी वायू मर्यादेच्या कितीतरी वर होता. गाडी पेट्रोल नुसती ओतत होती.

"वहिनी, नापास आहे," मी म्हटलं. सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, मीही म्हणते.

"असं कसं? भावजींनी नवीन बसवलंय. पहिले चार दिवस तर छान चालली."

"नवीनच खराब निघालं असेल."

नाना पत्र्याच्या पलीकडून आले. पुठ्ठा घेऊनच आले. खाली शिरले, मीटर लावलं, जोड तपासले. बाहेर आले तेव्हा केसांत चिखल होता. "जोड पक्के आहेत," ते म्हणाले. "सेन्सरच मेलाय. माल खराब."

दुसरा सेन्सर आला. या वेळी नानांनी आणखी जपून काम केलं. जास्त राळ, जास्त सोल्डर, नळीवर आणखी एक नळी. दुपारचं जेवण तसंच राहिलं. पुन्हा दिवा विझला, चार दिवस गाडी शहाण्यासारखी चालली, आणि पाचव्या दिवशी दादा खिडकीतून ओरडले, "अगं, कच्च्या पेट्रोलचा वास येतोय! लांबूनच येतोय! तुझी गाडी आली वाटतं!"

"डोळे गेले पण नाक तेवढं शाबूत आहे," वहिनी जिना चढत म्हणाल्या. त्या दर पायरीला थांबत होत्या. पहाटे उठून स्वयंपाक, मग मुलांची पहिली फेरी, मग दुसरी, मग परतीच्या फेऱ्या, आणि मधल्या वेळात गॅरेज. जिन्यावर त्यांना आता घाई करता येत नव्हती.

मी पुन्हा नळी घातली. पुन्हा नापास.

आता प्रश्न नुसत्या कागदाचा राहिला नव्हता. तपासणीत पास झाल्याशिवाय मुलांची गाडी चालवता येत नाही. शाळेने वहिनींना शनिवारपर्यंत सवलत दिली होती. शनिवारी कागद दाखवला नाही तर त्यांची मुलं सोमवारपासून एका मोठ्या बसवाल्याकडे जाणार होती. तो माणूस शाळेच्या फाटकात येऊन थांबे आणि वहिनींच्या व्हॅनकडे बघून आईबापांना सांगे, "घरगुती गाड्यांचं हे असंच असतं." ती व्हॅन गेली तर त्या दोन खोल्यांत नानांच्या सोल्डरगनशिवाय दुसरं काही कमावणारं नव्हतं. नानांना ते कळत होतं आणि म्हणूनच ते बोलेनासे झाले. टेबलापाशी बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटायचे. हातात वायर तशीच.

"नाना, सेन्सरची कंपनी बदला," मिस्त्री म्हणाले.

"बदललीच होती."

"मग गाडी बदला."

"वहिनी बदला म्हणाला नाहीस, उपकार झाले," नाना म्हणाले. त्या आठवड्यात ते एवढंच बोलले असावेत.

शुक्रवारी दुपारी वहिनी व्हॅन घेऊन गॅरेजात आल्या. नानांनी तिसरा सेन्सर आणून ठेवला होता, खोक्यातून काढून टेबलावर मांडला होता, शेजारी सोल्डरगन तापत ठेवली होती. मीही पत्र्यापलीकडून आले, कारण उद्याची नळी मलाच घालायची होती आणि मला तिसऱ्यांदा तोच शब्द उच्चारायचा नव्हता.

"भावजी, आज नवीन बसवू नका," वहिनी म्हणाल्या.

"का?"

"गाडी बरी आहे. वास येत नाही. दिवा नाही. पेट्रोलसुद्धा कमी खातेय."

"बरी कशी होईल? मेलेला सेन्सर उठून बसतो काय?" नाना पुठ्ठा टाकून खाली शिरले. खालून आवाज आला, "हे काय आहे?"

वहिनींनी व्हॅनच्या काचेवरची धूळ पदराने पुसली.

"वहिनी, हे काय आहे?"

"टेप आहे."

"ते दिसतंय. चांदण्या कसल्या आहेत त्यावर?"

मी वाकून पाहिलं. सेन्सरच्या काळ्या वायरीवर, नानांच्या गुळगुळीत जोडाच्या अलीकडे, सेन्सरच्या बाजूला, निळ्या रंगाची आणि पिवळ्या चांदण्यांची टेप गुंडाळली होती. मुलं वह्यांना लावतात तसली. तिच्यातून तांब्याच्या दोन तारा मिशांसारख्या बाहेर आल्या होत्या.

वहिनींनी सांगितलं ते असं. सोमवारी मुलांना सोडून परत येताना दिवा पुन्हा लागला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, पाइप निवेपर्यंत थांबल्या आणि खाली डोकावल्या. नानांनी काम करताना बॅटरी त्यांनीच धरली होती, त्यामुळे कुठे बघायचं ते माहीत होतं. काळी वायर नेमकी नानांच्या जोडाला लागून तुटली होती. त्यांनी दातांनी प्लास्टिक सोललं, दोन टोकांना पीळ मारला आणि मागच्या सीटवर कुणा मुलीची विसरलेली टेप होती ती गुंडाळली.

"दातांनी?" मिस्त्री म्हणाले.

"मग काय, तुमची पक्कड मागायला आले असते? दोन फेऱ्या बाकी होत्या."

"आणि सोमवारपासून मला सांगितलं नाहीत," खालून नाना म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही परत खाली शिरला असता. तुमची पाठ बघवत नाही मला, भावजी. रात्रभर कूस बदलता, पलंग वाजतो. तुमच्या दादांना दिसत नाही, पण ऐकू येतं."

नाना बाहेर आले. गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले आणि सरळ टेबलाकडे गेले. सोल्डरगन उचलली. "उद्या तपासणी आहे. वायरनानाच्या घरची गाडी असला जोड लावून उभी राहणार? तुम्ही व्हा बाजूला. नवीन सेन्सर, नवीन जोड. पुन्हा तुटणार नाही असा."

"हात लावायचा नाही," वहिनी म्हणाल्या आणि व्हॅनला टेकून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. चढवायला जोरच नव्हता. "तुम्ही दोनदा केलंत. दोन्ही वेळा चार दिवस चांगली चालली आणि पाचव्या दिवशी बिघडली. मी एकदा केलं, ते सोमवारपासून चालतंय. मला त्यातलं कळत नाही. पण मोजता येतं."

मिस्त्रींना विनोद सुचला होता, चेहऱ्यावर आला होता, पण त्यांनी तो गिळला.

नाना सोल्डरगन धरून उभे होते. राळेचा धूर त्यांच्या चष्म्यापुढून वर जात होता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आयुष्यभर ज्या रस्त्याने घरी गेलो तो आज दुसरीकडेच का निघाला, असं बघणाऱ्या माणसासारखे ते दिसत होते. मग त्यांनी सोल्डरगन खाली ठेवली आणि मीटर उचललं. पुन्हा पुठ्ठ्यावर पडले. आपला जोड मोजला, वहिनींचा पीळ मोजला.

"करंट माझ्या जोडातून जास्त चांगला जातो," ते म्हणाले. "मीटर खोटं बोलत नाही. मग माझ्या जोडातून जात नाही आणि यांच्या पिळातून जातं, असं आहे तरी काय? वायरीतून करंटशिवाय जाणार काय?"

"उंदीर," मिस्त्री म्हणाले. शेवटी निघालंच.

तेव्हा मला कॉलेजात शिकलेलं एक वाक्य आठवलं. परीक्षेत लिहिलं होतं, त्यापलीकडे त्याचा विचार केला नव्हता. सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो तो तुलना करून मोजतो. त्याच्या एका बाजूला धूर असतो आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा. दोन्हींत फरक किती, यावर तो आपला करंट ठरवतो. मी ते नानांना सांगितलं.

"स्वच्छ हवा कुठून येते?"

"मागून."

"मागून म्हणजे कुठून? भोक दाखव, पोरी."

टेबलावरचा नवा सेन्सर आम्ही दिव्याखाली धरला. फिरवून फिरवून पाहिला. भोक नव्हतं. सगळीकडून बंद. वायरी बाहेर येतात तिथे रबराचं बूच, घट्ट दाबलेलं. माझ्या वाक्यात "मागून" होतं, भोक नव्हतं.

नानांनी ते बूच नखाने दाबून पाहिलं. मग त्यांनी टेबलाखालचा भंगाराचा डबा ओढला, त्यातून पहिला नवा सेन्सर काढला, जो त्यांनी मेला म्हणून टाकला होता. त्याच्या वायरीचा बोटभर तुकडा कापला, जोड नसलेला. सायकलच्या ट्यूबची एक बारीक रबरी नळी शोधली, तुकड्याचं टोक तिच्यात खुपसून वर टेप आवळली. चहाच्या ग्लासात पाणी घेतलं आणि वायरीचं दुसरं टोक पाण्यात बुडवलं.

"वहिनी, फुंका. माझ्यात दम नाही."

"मी?"

"मुलांचे फुगे तुम्हीच फुगवता ना."

वहिनींनी नळी तोंडात धरली आणि फुंकर मारली. गाल फुगले, कपाळावर शीर आली. आधी काही नाही. मग वायरीच्या टोकातून, तांब्याच्या तारांमधून, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले.

नानांनी दुसरा तुकडा कापला. त्याच वायरीचा, पण ज्यात त्यांचा जोड होता. तो नळीत घातला. वहिनींनी पुन्हा फुंकलं. मग मिस्त्रींनी नळी घेऊन फुंकलं, आणि मिस्त्रींची छाती भात्यासारखी आहे. त्यांचे डोळे बाहेर यायची वेळ आली. पाणी तसंच स्थिर.

"सोडा," नाना म्हणाले. "कळलं."

हवा वायरीतूनच जात होती. तारांच्या मधल्या फटींतून, प्लास्टिकच्या आतून, थेट सेन्सरच्या पोटात. नानांनी चारही वायरींच्या फटी सोल्डरने भरल्या होत्या आणि वर कपलरमध्ये ग्रीस. काम जितकं चांगलं, तितका सेन्सर गुदमरलेला. गुदमरला की त्याला फरक कळेना, फरक कळेना म्हणून तो "पेट्रोल कमी पडतंय" असं सांगत राही आणि कॉम्प्युटर बिचारा ओतत राही. सोल्डरने कडक झालेली वायर हादऱ्याने जोडाच्या कडेला तुटली, वहिनींनी मारलेला पीळ सैल होता, आणि त्या सैल पिळातून चार दिवस हवा आत जात होती.

नाना स्टुलावर बसले. "मी त्याचं नाक चिमटीत धरलं होतं," ते म्हणाले. "आणि वर म्हणत होतो, मेला."

"तुम्हाला कोण सांगायला आलं होतं?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही वाईट काम केलं असतंत तर तुम्हालाही सापडलं असतं. चांगलंच केलंत, मग सापडणार कसं?"

मिस्त्री पत्र्याकडे बघून हळूच म्हणाले, "हे आपल्यातच ठेवू. बाहेर गेलं तर लोक आपले जुने सगळे सेन्सर घेऊन येतील."

"येऊ देत," नाना म्हणाले. पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. बहुधा ते मनात कुणाकुणाच्या गाड्या आठवत होते.

मग त्यांनी पीळ काढून तांब्याची छोटी नळी घालून ती पकडीने दाबायचं सुचवलं. तसं केलं तर वायर घट्ट बसते आणि फटी मोकळ्या राहतात. वहिनी नाही म्हणाल्या. उद्या कागद हातात येईपर्यंत कुणी, अगदी देवानेसुद्धा, त्या गाडीखाली जायचं नाही. नानांनी मान हलवली. सोल्डरगनचा प्लग काढला.

शनिवारी सकाळी तपासणीला रांग होती. वहिनींची व्हॅन लिफ्टवर चढवून उचलावी लागली, कारण आम्ही पाइपाची गळतीही बघतो. व्हॅन वर गेली आणि चांदण्यांची टेप सगळ्यांच्या नजरेच्या उंचीवर आली. रांगेत मालवाहू टेम्पोचा ड्रायव्हर होता, नानांचं जुनं गिऱ्हाईक. तो पोट धरून हसला.

"नाना! अहो, हे तुमचं काम? म्हातारपणी चांदण्या लावायला लागलात?"

नाना व्हॅनखाली उभे होते. आजूबाजूचे सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "वहिनींनी केलं" म्हणून त्यांना मोकळं होता आलं असतं, आणि ते खरंही होतं. वहिनी बाजूलाच होत्या, पर्स दोन्ही हातांनी धरून.

"आमच्या घरचं काम आहे," नाना म्हणाले. "हसून झालं की तुझ्या टेम्पोचा सेन्सर दाखव. तोही मीच बसवलाय."

टेम्पोवाल्याचं हसू थांबलं.

व्हॅन खाली आली. मी इंजिन गरम होऊ दिलं, नळी घातली. आकडा आधी वर गेला, तेव्हा वहिनींनी माझ्याकडे बघणं सोडून भिंतीकडे बघायला सुरुवात केली. मग आकडा उतरू लागला. उतरत उतरत मर्यादेच्या खाली गेला आणि तिथेच राहिला. मी नियमापेक्षा जास्त वेळ थांबले, माझ्याच समाधानासाठी.

"पास," मी म्हटलं.

वहिनींनी कागद घेतला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. गाडीत बसल्या. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि तशाच राहिल्या. मला वाटलं रडतायत. नाना काचेपाशी गेले, बघून परत आले.

"झोपल्यात," ते म्हणाले. "दोन मिनिटं राहू दे. रांगेला सांग मशीन अडकलंय."

मी सांगितलं. रांगेने कुरकुर केली. थोड्या वेळाने वहिनी जाग्या झाल्या, आरशात बघून पदर सारखा केला आणि शाळेकडे गेल्या.

सोमवारपासून मुलं त्यांच्याच गाडीत आहेत. नानांनी रविवारी पीळ काढून दाबायच्या नळ्या लावल्या, सोल्डर भरलेला सगळा भाग कापून टाकला, कपलरमधलं ग्रीस काडीने खरवडून काढलं. टेम्पोवाला आला, त्याच्यामागून आणखी काही जण आले. नाना कुणाकडून त्या कामाचं काही घेत नाहीत, यावरून मिस्त्रींशी त्यांची रोज वाजते. दिव्यांच्या, हॉर्नच्या, बॅटरीच्या वायरींना ते अजूनही सोल्डरच मारतात आणि तो जोड पहिल्यासारखाच देखणा असतो. फक्त ओढून बघितल्यावर "झालं" म्हणायचं त्यांनी सोडलंय. "बघू," म्हणतात.

परवा दुपारी चहाला ते पत्र्याच्या अलीकडे आले. पाठ दुखत होती म्हणून उभ्यानेच चहा घेतला. डोळ्यांखाली काळं झालेलं, आवाज बसलेला. त्यांना झोप येत नाही, असं वहिनींकडून कळलं होतंच.

"पोरी, एक सांग," ते म्हणाले. "मी चारही वायरी बंद केल्या होत्या. तरी सेन्सर चार दिवस बरोबर सांगत होता. दोन्ही वेळा. ते कसं?"

"आत थोडी हवा कोंडलेली असणार. ती संपेपर्यंत चाललं."

"मीही तेच धरलं होतं." त्यांनी कप खाली ठेवला. "पण मग संपली कशी? तू म्हणालीस तो नुसती तुलना करतो. म्हणजे हवा नुसती हुंगतो. फूल हुंगलं म्हणून फूल संपत नाही."

मी म्हटलं, धूर कुठून तरी आत झिरपत असेल, किंवा आतलं रबर तापून ऑक्सिजन खात असेल. मला स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नाही. घरी जाऊन पुस्तकं काढली. जे सापडलं ते नानांना वाचून दाखवलं, आणि ते प्रत्येक ओळीला "हं" म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, तुझ्या कॉलेजातल्या सरांना विचार. सरांचं उत्तर अजून आलेलं नाही. नाना रोज सकाळी पत्र्यावर टकटक करतात आणि पलीकडूनच विचारतात, "आलं का गं? तो हवा नुसती हुंगतो, तर मग ती खातो कोण?"